नांदेडचा गोल्ड अँड सिल्व्हर कप

जळकोटच्या पोराला मोठी हॉकी बघायची तर मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. नांदेड गाठलं की झालं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी जिथे देह ठेवला, त्याच शहरात त्यांच्या नावानं, जयंतीच्या सुमारास, गोल्ड अँड सिल्व्हर कप ही अखिल भारतीय स्पर्धा भरते. सामने खालसा हायस्कूलच्या मैदानावर होतात. क्रिकेटच्या गदारोळात स्थानिक मंडळानं हे जपलं, याचं मोल मोठं आहे.

खेळाची मुळं मात्र दूरची. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय हॉकी सामना २६ जानेवारी १८९५ रोजी वेल्समधल्या ऱ्हिल गावी झाला. आयर्लंडनं वेल्सला ३-० असं हरवलं.

त्याच वर्षी कोलकात्यात बेटन कप सुरू झाला, पाठोपाठ १८९६ मध्ये मुंबईत आगाखान स्पर्धा.