गिनी कोंबडी : अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत

ग्रामीण भागातील परसबागेतील कुक्कुटपालन म्हटले की गावठी कोंबडीचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु काही अंगणांतून गेल्या काही दशकांत आणखी एक पक्षी दिसू लागला आहे. राखाडी अंगावर मोत्यांसारखे पांढरे ठिपके, डोक्यावर शिंगासारखा कठीण उंचवटा आणि अनोळखी माणूस दिसताच सारी आळी जागी करणारा कर्कश आवाज, ही त्याची ओळख. हा पक्षी म्हणजे गिनी कोंबडी किंवा गिनी फाऊल होय.

हा पक्षी काटक आहे, त्याच्या निवाऱ्याला फारसा खर्च येत नाही आणि तो शेतातील किडे व गवताचे बी टिपून बरेचसे पोट स्वत:च भरतो. हे गुण पक्षी पाळणाऱ्यांना पटले आहेत. अडचण येते ती पुढे, म्हणजे चुलीवर. हौसेने आणलेला पक्षी बाजारातल्या ब्रॉयलर कोंबडीप्रमाणेच शिजविला जातो, मांस कोरडे व चिवट लागते आणि ते घर पुन्हा या पक्ष्याच्या वाटेला जात नाही. गिऱ्हाईक परतले नाही तर पाळणाऱ्या कुटुंबाचे पक्षी अंगणातच म्हातारे होतात. म्हणून गिनी कोंबडी शिजविण्याची रीत हा केवळ पाककृतीचा विषय नसून या जोडधंद्यातील तो एक महत्त्वाचा दुवा आहे.

मूळ आफ्रिकेचा पक्षी

गिनी कोंबडीचे मूळ स्थान आफ्रिका खंड. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘नुमिडा मेलिअॅग्रिस’ असे नाव आहे. प्राचीन रोमन लोक तिला नुमिदिया प्रांताची कोंबडी म्हणत आणि त्यांच्या मेजवान्यांतही तिला स्थान होते. पश्चिम आफ्रिकेतील खेड्यांतून ती आजही घरोघर पाळली जाते, तर फ्रान्स व इटली या देशांत तिचे मांस कोंबडीपेक्षा वरच्या दर्जाचे मानले जाते.

भारतात या पक्ष्यावर पद्धतशीर काम झाले ते उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत. १९७९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी असे तीन प्रकार विकसित केले. कादंबरीच्या अंगावर मोतिया ठिपके असतात, चितांबरीचा रंग फिकट जांभळट असतो आणि श्वेतांबरी नावाप्रमाणेच पांढरी असते.

अंड्यांतून पिले बाहेर येण्यास २६ ते २८ दिवस लागतात. ही अंडी उबविण्यासाठी खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीचाही उपयोग होतो. पहिले काही आठवडे पिलांना ओल आणि गारठा यांपासून जपावे लागते. त्यानंतर मात्र हा पक्षी ऊन, पाऊस आणि कोंबड्यांचे अनेक नेहमीचे आजार यांना चांगले तोंड देतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अंगावरील ठिपक्यांमुळे काही लोक या पक्ष्याची तितराशी गल्लत करतात. तितर हा वन्य पक्षी असून त्याला वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याची शिकार करणे वा त्याचे मांस विकणे हा गुन्हा आहे. गिनी कोंबडी हा पाळीव पक्षी आहे. बाजारात ‘तितर’ या नावाने कोणी पक्षी विकू लागल्यास ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी हा फरक लोकांना समजावून द्यावा.

मांस वेगळे का?

ब्रॉयलर कोंबडी साधारणत: सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते. ती बंदिस्त जागेत वाढते, तिला हालचाल थोडी आणि खाद्य भरपूर. गिनी कोंबडीला एक किलोच्या आसपास वजन गाठण्यास १२ आठवडे लागतात. युरोपात पारंपरिक मुक्त पद्धतीने वाढविलेला म्हणून विकावयाचा गिनी पक्षी किमान ९४ दिवसांचा असावा, असा दंडकच आहे. या काळात हा पक्षी दिवसभर पळतो, उडतो आणि सवड मिळाली की झाडावर रात्र काढतो. साहजिकच त्याचे स्नायू कसलेले असतात, मांसाचा रंग गडद असतो आणि चवीत रानपक्ष्याची किंचित छटा असते.

मांसातील चरबी कमी असणे हे या पक्ष्याचे दुसरे वैशिष्ट्य होय. कातडी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, तर चरबी जेमतेम अडीच ग्रॅमच्या आसपास असते. आहाराच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे, परंतु स्वयंपाकाच्या दृष्टीने हीच अडचण ठरते. शिजताना मांसाला ओलसर ठेवण्याचे काम चरबी करीत असते. ती नसेल तर मोठ्या आचेवर मांसातील तंतू आक्रसतात, आतले पाणी पिळून बाहेर पडते आणि छातीचा भाग भुशासारखा कोरडा होतो. तंगडीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे चिवट धागे अधिक असतात. ते विरघळून मऊ होण्यास मंद आच आणि वेळ लागतो. एकाच पक्ष्याच्या दोन भागांची गरज अशी वेगवेगळी असते, हे ध्यानात घेतले की पुढच्या साऱ्या कृतीचे मर्म उलगडते.

पक्ष्याची पारख

शिजविण्याची पद्धत पक्ष्याच्या वयावरून ठरवावी. तीन ते चार महिन्यांचा पक्षी रस्सा व सुक्या मांसासाठी उत्तम. कोवळ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाचे टोक बोटाने दाबले असता लवते, पायांवरील खवले गुळगुळीत असतात आणि डोक्यावरील उंचवटा लहान असतो. वर्ष उलटलेल्या पक्ष्याचे हाड टणक आणि पायांवरील खवले खरखरीत असतात. ‘गिनी कोंबडी चिवट असते’ ही तक्रार बहुधा वय न पाहता आणलेल्या पक्ष्यामुळेच उद्भवते.

नर व मादी दिसण्यात जवळजवळ सारखे असतात. मादीची हाक दोन तुकड्यांची असते, तर नराची एकाच तुकड्याची असते. नराच्या चोचीखालील मांसल लोळ्या मोठ्या असतात. ज्यांना अंडी व पिलांसाठी माद्या राखावयाच्या आहेत, त्यांनी ही खूण लक्षात ठेवून जादा नरच आधी विक्रीस काढावेत.

स्वच्छता आणि मुरवण

पिसे काढल्यावर ठिपकेदार पक्ष्याची कातडी काहीशी काळसर-निळसर दिसते. मांस शिळे आहे असा समज करून पुष्कळ लोक ते परत करतात. हा रंग नैसर्गिक आहे. ताज्या मांसास दुर्गंधी नसते आणि बोटाला ते चिकट लागत नाही, हीच खरी कसोटी. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी.

पक्षी कापल्यावर लगेच शिजवू नये. कापल्यानंतर काही काळ स्नायू ताठरतात आणि त्या अवस्थेत शिजविलेले मांस चिवट लागते. पाच-सहा तास शीतकपाटात ठेवल्यास ताठरपणा ओसरतो. उन्हाळ्यात मात्र मांस उघड्यावर ठेवणे धोक्याचे आहे. शीतकपाटाची सोय नसेल तर ताजा पक्षी तसाच शिजवावा आणि शिजण्यास थोडा अधिक वेळ द्यावा.

कच्चे मांस वाहत्या नळाखाली धुतल्यास शिंतोड्यांबरोबर जंतू आसपासच्या भांड्यांवर उडतात. धुवावयाचेच असल्यास ते पातेल्यात हलक्या हाताने धुवावे आणि ते पाणी दूर टाकावे. विळी, पाट आणि हात साबणाने धुतल्यावाचून कोशिंबिरीच्या भाज्यांना हात लावू नये.

कोवळ्या पक्ष्याचा रस्सा

सव्वा किलो वजनाच्या पक्ष्यापासून साफ केल्यावर सुमारे ९०० ग्रॅम मांस हाडांसह मिळते. चार-पाच माणसांच्या एका जेवणाला ते पुरते. मांसाचे आठ-दहा तुकडे करावेत व छातीचे तुकडे वेगळे ठेवावेत. सर्व तुकड्यांना हळद, मीठ, दोन चमचे आले-लसणाचे वाटण आणि अर्धी वाटी दही चोळून दोन-तीन तास थंड जागी मुरू द्यावे. दह्यातील आंबटपणामुळे मांस मऊ होण्यास मदत होते.

जाड बुडाच्या पातेल्यात नेहमीपेक्षा एक पळी तेल अधिक घ्यावे, कारण या मांसाला स्वत:ची चरबी फारशी सुटत नाही. बारीक चिरलेले दोन कांदे परतून त्यांत आधी तंगडीचे व पाठीचे तुकडे टाकावेत. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटे परतून त्यांना रंग येऊ द्यावा. मग आच मंद करून पातेल्यावर खोलगट झाकण ठेवावे आणि झाकणात पाणी ओतावे. या जुन्या रीतीमुळे वाफ आतच थंड होऊन पुन्हा मांसावर पडते आणि मांस अंगच्या रसात शिजते. पंधरा मिनिटांनी छातीचे तुकडे घालावेत व आणखी वीस मिनिटे तसेच शिजवावे.

दरम्यान दोन कांदे, पाऊण वाटी सुके खोबरे, एक चमचा तीळ व एक चमचा खसखस भाजून बारीक वाटावी. हे वाटण व दोन चमचे काळा मसाला मांसात घालून तेल सुटेपर्यंत परतावे. त्यानंतर झाकणातले गरम पाणी आणि लागेल तसे आधण घालावे. गार पाणी घालू नये, त्याने शिजण्याची क्रिया मंदावते व चव उतरते. आणखी दहा मिनिटे मंद उकळी द्यावी. सगळे मिळून पाऊण तास ते तासभर लागतो. रस्सा ज्वारी वा बाजरीच्या भाकरीबरोबर वाढावा.

फ्रान्समध्ये हाच पक्षी बंद भांड्यात कोबीच्या पानांसह मंद आचेवर शिजविण्याची प्रथा आहे. कोबीचे पाणी मांसाला कोरडे पडू देत नाही. मसाले वेगळे आणि भांडी वेगळी असली तरी झाकलेले भांडे, मंद आच आणि बाहेरून दिलेला ओलावा हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

जून पक्ष्याचे अळणी

अंडी देऊन थकलेला जून पक्षी टाकाऊ नसतो. फक्त तो परतून शिजविण्याचा हट्ट धरू नये. तुकडे, एक चिरलेला कांदा, आले, हळद, थोडे मीठ आणि बुडेल इतके पाणी प्रेशर कुकरमध्ये घालावे. पहिली शिटी झाल्यावर आच मंद करून २५ ते ३० मिनिटे शिजवावे. साध्या पातेल्यात यास सुमारे दोन तास लागतात. गाळून घेतलेले अळणी पाणी लहान मुलांना, वृद्धांना व आजारातून उठलेल्यांना भातासोबत देता येते. कोल्हापूरकडे पांढऱ्या रश्श्याचा पाया असेच अळणी असते. मऊ झालेल्या मांसाला वर सांगितलेले वाटण लावून त्याचे सुके करावे.

पूर्ण शिजलेले मांस

२००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली आणि राज्यभर चिकन खाण्याविषयी भीती पसरली. त्या वेळी तज्ज्ञांनी सांगितलेली गोष्ट आजही तितकीच खरी आहे. ७० अंश सेल्सिअस तापमानाला पूर्ण शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. इतर जंतूंचाही विचार करता मांसाचा सर्वांत जाड भाग ७४ अंशांपर्यंत तापणे सुरक्षित मानले जाते. गिनी कोंबडीचे मांस मुळात गडद असल्याने केवळ रंगावरून अंदाज करू नये. तंगडीच्या सांध्यात सुरी खुपसल्यावर निघणारा रस स्वच्छ असावा आणि मांस हाडापासून सहज सुटावे. आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षी मात्र कितीही शिजवून खाऊ नये. असे पक्षी आढळल्यास त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

गावपातळीवर काय करता येईल?

नवा पक्षी गावात आणताना पिले वाटण्यावर सारा भर दिला जातो आणि तो खाणार कोण, याचा विचार मागाहून होतो. हा क्रम बदलणे आवश्यक आहे. महिला बचत गटाच्या एखाद्या बैठकीत दोन पक्षी, एक कोवळा व एक जून, वर सांगितलेल्या रीतीने शिजवून दाखविले तर त्याचा परिणाम दहा भाषणांहून अधिक होईल. आठवडे बाजारात पक्षी विकताना त्याचे वय स्पष्ट सांगावे आणि शिजविण्याची रीतही गिऱ्हाइकाच्या कानी घालावी. गावाजवळच्या खाणावळी व धाबे यांच्याशी बोलून ठराविक वयाचे पक्षी ठराविक दिवशी पुरविण्याचा करार केल्यास विक्रीला शाश्वती येते. पक्षी पाळण्यासंबंधी तांत्रिक सल्ल्यासाठी तालुक्यातील पशुसंवर्धन अधिकारी आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधावा.

कोरडवाहू भागातील ज्या कुटुंबाला म्हैस वा गाय परवडत नाही, त्यास दहा-बारा गिनी कोंबड्यांचा कळप अडीअडचणीला हाताशी येणारा पैसा देऊ शकतो. तो पैसा हाती येतो मात्र गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दाराशी आले तरच. ते येणे बऱ्याच अंशी पातेल्यावरच्या झाकणावर आणि त्याखालच्या मंद आचेवर अवलंबून आहे.