घरांत गाणें कसें ऐकावें?

गाण्याची आवड महाराष्ट्रांतील बहुतेक घरांना आहे. पण गाणें ऐकण्याची रीत मात्र प्रत्येक घराची निराळी असते. एका घरांत आजोबांनीं जपलेल्या तबकड्या अजून फडताळांत आहेत, दुसऱ्या घरांत नभोवाणीच्या सुरांबरोबर सकाळ उजाडते, आणि तिसऱ्या घरांत प्रत्येकाच्या कानांत त्याची स्वतःची निराळी मैफल चाललेली असते. यांपैकीं चांगली रीत कोणती, हा वाद यंत्राच्या किंमतीवरून किंवा आवाजाच्या मोठेपणावरून सुटण्यासारखा नाहीं. प्रत्येक साधन ऐकणाऱ्याला कांहीं देतें आणि त्याच्यापासून कांहीं काढून घेतें. या देण्याघेण्याचा हिशेब नीट मांडला, तरच निवड सोपी होते.

प्रथम तबकडी घ्यावी. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें आणि त्याच सुमारास हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचें युग सुरू झालें. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें ३ मिनिटांचें गाणें मावे. मैफलींत तासभर फुलणारा राग एवढ्या वेळांत बसवायचा, म्हणजे आलापाची ऐसपैस मांडणी सोडून चीज, दोनचार नेमक्या जागा आणि तानांची एखादी सरी एवढेंच राखणें आलें. या टंचाईचा एक लाभहि झाला. प्रत्येक स्वर तोलून घ्यावा लागे, म्हणून चांगल्या तबकडींत फापटपसारा आढळत नाहीं. १९७७ सालीं 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळांत गेलेली केसरबाई केरकर यांची भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची आहे. ऐकणाऱ्यालाहि तबकडी स्वस्थ बसूं देत नसे. चावी द्यावी लागे, सुई बदलावी लागे, बाजू उलटावी लागे. या खटाटोपामुळेंच लक्ष गाण्यावर राही. मात्र तबकडीवरून रागाचा विस्तार कळत नाहीं, हें तिचें न्यून कायमचें आहे.

नभोवाणीनें निराळेंच दान दिलें. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. तबकडी विकत घेणाऱ्याला आपल्या आवडीचें गाणें हवें तेव्हां लावतां येई; नभोवाणीपुढें बसणाऱ्याला ती सत्ता नव्हती. पण जें आपण होऊन कधींच निवडलें नसतें, तें गाणें कानीं पडावें, हा योग तिनेंच घडविला. सकाळच्या कार्यक्रमांत तोडी आणि रात्रींच्या कार्यक्रमांत मालकंस ऐकतां ऐकतां रागसमयाचें भान कोणाच्या शिकवणीवांचून कित्येक घरांत रुजलें. १९५२ सालीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर मैफलींपासून दूर राहणाऱ्यालाहि नामांकित गवयांचें सलग गायन घरबसल्या ऐकतां येऊं लागलें. तथापि दुसऱ्याच्या निवडीवर विसंबण्याची किंमतहि असते. १९४० सालीं नभोवाणीनें संवादिनीला, म्हणजे पेटीला, बंदी केली आणि ती सुमारें ३० वर्षें टिकली. मैफलींत घरोब्यानें वावरणारें वाद्य नभोवाणीच्या श्रोत्यांना तेवढा काळ परकें राहिलें.

विस्ताराची तहान पुढच्या दोन साधनांनीं भागविली. १९४८ सालीं मिनिटाला सवातेहतीस फेऱ्यांच्या जवळपास फिरणारी दीर्घ तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर २० मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. १९६३ सालीं कॅसेट आली आणि ध्वनिमुद्रण सामान्य गृहस्थाच्या हातीं गेलें. खासगी बैठकींचीं मुद्रणें हातोहात फिरूं लागलीं. त्यांत तंबोरे जुळवितांना निघालेले स्वर, मध्येंच आलेली दाद आणि गवयाचें खाकरणेंहि ऐकूं येई. म्हणजे केवळ गाणें नव्हे, तर मैफलच घरीं आली. परंतु फितीचे दोष लक्षांत ठेवावेच लागतात. पावसाळ्याच्या दमट हवेंत तिला बुरशी धरते आणि यंत्राची गति बदलली कीं स्वर बदलतो. गति शेंकडा ६ नीं वाढली, तर काळी १ मध्यें गाणारा गवई पांढरी २ मध्यें गाऊं लागतो. शिकणाऱ्यानें अशा मुद्रणावरून गवयाची पट्टी ठरविण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

१९८२ सालीं सीडी आली. तींत दर सेकंदाला ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घेऊन तें अंकांत नोंदविलें जातें. मनुष्याच्या कानाला ऐकूं येणारा सर्व पल्ला एवढ्या मापांत सामावतो. म्हणून आंकड्यांत मुद्रित झालेलें गाणें मुळांतच निर्जीव असतें, हा समज बरोबर नाहीं. बिघाड होतो तो जागा वांचविण्यासाठीं त्या आंकड्यांची फार काटछाट केल्यावर. तंबोऱ्याची जवारी म्हणजे असंख्य बारीक उपस्वरांचा मेळ. अतिसंक्षेपांत आधीं तोच विस्कटतो. त्यांतून मोबाईलच्या चिमुकल्या ध्वनिवर्धकावर ऐकलें, तर खर्जाचा स्वर आणि डग्ग्याचा घुमार जवळजवळ नाहींसा होतो. दोष गवयाचा नसतो, कलमाचाहि नसतो. तो शेवटच्या पांच पैशांच्या काटकसरीचा असतो.

कानांत घालण्याच्या इअरफोननें हे बारकावे उत्तम कळतात, हें खरें. पण तेथें कानाची मर्यादा पाळावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें ८० डेसिबल आवाज आठवड्यांत ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाहीं. तोच आवाज ९० डेसिबलवर गेला, तर ही मुदत ४ तासांवर येते. मोटारगाडींत किंवा आगगाडींत बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठीं आवाज चढविण्याची संवय म्हणूनच घातक आहे.

याहून मोठी हानि मात्र मोजतां येत नाहीं. गाण्याची समज पुस्तकांतून थोडी आणि संगतींतून फार येते. वडील माणसाचा हात समेवर मांडीवर पडतो, एखाद्या जागेवर आजीच्या तोंडून नकळत 'वा!' निघतें, आणि शेजारीं खेळणाऱ्या मुलाला सम कोठें आहे व सौंदर्य कोठें आहे तें कळतें. त्याला कोणी कांहीं शिकविलेलें नसतें. प्रत्येकाचे कान निराळ्या यंत्राला जोडले गेले, कीं घरांत गाणें पूर्वींपेक्षां अधिक वाजतें, पण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात नाहीं. शिवाय बोटाच्या एका स्पर्शानें पुढचें गाणें मिळत असल्यामुळें आलाप पुरा होईपर्यंत धीर धरणें अवघड होतें. आणि विलंबित ख्यालाचा सारा अर्थ तर त्या धीरांतच आहे.

तेव्हां साधनें परस्परांचीं वैरी मानण्याचें कारण नाहीं. एखादी जागा पुन्हां पुन्हां घोटून घ्यावयाची असेल, तर इअरफोन बरा. अनोळखी गवयाची ओळख व्हावी, तर नभोवाणी बरी. जुन्या गायकीची नेमकी रेखा पाहावयाची, तर तीन मिनिटांची तबकडी बरी, मग ती आज मोबाईलवर वाजत असली तरी चालेल. पण राग ऐकावयाचा असेल, तर खोलींत एक बऱ्यापैकीं ध्वनिवर्धक ठेवावा, आवाज बेताचा ठेवावा, आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पाऊण तास गाणें मध्यें न थांबवितां ऐकावें. यास खर्च थोडा आणि सवड थोडी लागते. ती सवड ज्या घरानें काढली, त्या घरांतील मुलांना गाणें वारशानें मिळेल.