नावे वाचली जातात तेव्हा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दरवर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर संचलन होते. मी ते एकदा पाहिले आहे. बिगूल वाजतो, जवान बंदुकीची नळी जमिनीकडे करून मान खाली घालतात. याला 'शोक शस्त्र' म्हणतात. मग वर्षभरात देशात कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. प्रत्येक राज्याची, प्रत्येक दलाची. यादी संपता संपत नाही. आपल्याकडे गौरव म्हटला की शाल, श्रीफळ आणि लांबलेली भाषणे. इथे त्यातले काही नाही, नुसती नावे.

हीच तारीख का, असे त्या दिवशी मी शेजारच्या दोघा-तिघांना विचारले. कुणालाच सांगता आले नाही, आणि तोपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. गोष्ट १९५९ सालची आहे. तेव्हा तिबेटलगतच्या सरहद्दीवर पहारा होता तो पोलिसांचा. लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जहून, म्हणजे सुमारे १६,००० फूट उंचीवरून, २० ऑक्टोबरला तीन तुकड्या टेहळणीला निघाल्या. दोन परतल्या, तिसरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग नावाच्या अधिकाऱ्याने वीसेक माणसे बरोबर घेऊन शोध सुरू केला. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर गोळीबार केला. दहा पोलीस ठार झाले, काही जण पकडले गेले. मृतदेह परत मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. त्यांच्यावर तिथेच, हॉट स्प्रिंग्जला, अंत्यसंस्कार झाले. पुढच्या जानेवारीत राज्यांच्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेत हा दिवस देशभर पाळायचे ठरले. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक मात्र २०१८ साली उभे राहिले. तिथल्या भिंतीवरही आहेत ती नावेच, चौतीस हजारांहून अधिक.

नावांचे एवढे महत्त्व काय, ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीवरून सांगतो. कामा रुग्णालयाजवळ पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळीबार झाला. गाडीत सात जण होते. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ही तीन नावे महाराष्ट्रात मुलांनाही पाठ आहेत, आणि असायलाच हवीत. पण त्या गाडीत सहा जण मारले गेले. उरलेल्या तिघांची नावे बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील आणि योगेश पाटील. ती आपल्यापैकी किती जणांच्या ओठांवर येतील?

सातवे अरुण जाधव. दोघे हल्लेखोर तीच गाडी पळवून निघाले, तेव्हा जखमी जाधव मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली होते. टायर फुटल्यावर हल्लेखोरांनी क्वालिस सोडली आणि दुसऱ्याची स्कोडा पळवली. त्यानंतर जाधवांनी वायरलेसवरून घडलेले कळवले. ज्या शिपायाला आपण गाडीतला 'आणखी एक' म्हणून सोडून देतो, त्याचे हे काम.

ती स्कोडा मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपाशी अडली. तिथे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे होते. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. आधी लष्करात नोकरी केली, मग पोलिसात आले. हातात होती फक्त लाठी. गाडी चालवणारा चकमकीत मारला गेला. शेजारी बसलेल्या अजमल कसाबने बंदूक उचलली, तेव्हा ओंबळ्यांनी तिची नळीच धरली. गोळ्या सुटत राहिल्या, त्या त्यांच्या शरीरात गेल्या. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला पकडले.

या गोष्टीतले शौर्य सगळ्यांना कळते. पण त्यातून काय हाती लागले, इकडे आपले लक्ष कमी जाते. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो हा एकच. त्यांच्याजवळ भारतीय नावांची खोटी ओळखपत्रे होती. दहाही जण मेले असते तर ते कोण, कुठले यावर वर्षानुवर्षे वाद घालता आला असता. कसाब न्यायालयात उभा राहिला, कराचीहून समुद्रमार्गे झालेला प्रवास नोंदीवर आला. त्याला वकील मिळाला, अपील मिळाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला फाशी झाली. हा रीतसर खटला उभा राहू शकला तो एका फौजदाराने नळी सोडली नाही म्हणून.

ओंबळ्यांना २००९ च्या प्रजासत्ताकदिनी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. मला मात्र आणखी एक गौरव फार आवडतो. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या, उड्या मारणाऱ्या एका कोळ्याला अभ्यासकांनी २०२१ साली 'इसियस तुकारामी' हे शास्त्रीय नाव दिले. झडप घालून भक्ष्य पकडणारा हा इवलासा जीव. आता जगात कुठेही त्याची नोंद करायची झाली, तर तुकारामांचे नाव लिहावेच लागेल.