धूर कोणाचा? शहरातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याआधी

शहराच्या हवेवर पीएचडी करायची म्हटलं की बरेच जण आधी सेन्सरच्या किमती बघतात. जरा थांबा.

समजा, देवपुरात गच्चीवर तुम्ही कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावला. जानेवारीत पहाटे आकडा चढलेला दिसेल, दुपारी उतरलेला. पहाटे धूर जास्त निघाला का? तसं नाहीये. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची गार हवा वर उठत नाही, आणि गाड्यांचा, चुलींचा वायू त्या पातळ थरात साठतो. झाडांचा आणि मातीचा श्वासही त्यातच. ऊन तापलं की तोच वायू हजारेक मीटर उंचीपर्यंत पसरतो. उत्सर्जन तेवढंच राहिलं तरी आकडा बदलतो.

दुसरा मार्ग कागदावरचा: किती पेट्रोल, गॅस, कोळसा खपला याची यादी. मार्च २०२२ मध्ये आलेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात असाच हिशेब आहे. २०१९ सालचे सुमारे २.३४ कोटी टन, त्यात ऊर्जेचा वाटा ७२ टक्क्यांच्या आसपास. पण वीज मुंबईत वापरली आणि कोळसा भुसावळजवळ दीपनगरला जळला, तर कागदावर ते उत्सर्जन मुंबईचं, हवेत मात्र आपल्या खान्देशातलं. शिवाय यादीत न येणारं जळण बरंच असतं. म्हणून यादी हवेशी ताडून बघावी लागते.

इथे कार्बनचे समस्थानिक कामाला येतात. कार्बन-१३ चं प्रमाण दर हजारी फरकात सांगतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांचं साधारण उणे १२-१३. कापूस, गहू, कडुनिंब यांचं उणे २७ च्या आसपास. आणि कोळसा? उणे २५ च्या जवळपास. म्हणजे कडबा जळाला तर ओळखू येईल, पण चुलीतली पऱ्हाटी आणि बॉयलरमधला कोळसा जवळजवळ सारखेच दिसतात! (गोवरीचं तर गाईनं काय खाल्लं त्यावर.)

हा घोळ कार्बन-१४ सोडवतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात, डिझेलमध्ये तो उरलेलाच नसतो. यंदाच्या पऱ्हाटीत असतो. हवेत खनिज इंधनाचा १ पीपीएम वायू मिसळला की कार्बन-१४ चं प्रमाण हजारी सुमारे अडीचनं घसरतं, आणि चांगलं एएमएस यंत्र एवढी घसरण जेमतेम पकडतं. असं यंत्र अहमदाबादच्या पीआरएलमध्ये आहे, दिल्लीच्या आययूएसीतही आहे.

पण घसरण कशाच्या तुलनेत? शहराबाहेरच्या स्वच्छ हवेच्या. गोव्यात काब द रामाला १९९३ ते २००२ या काळात हवेचे नमुने बाटल्यांत भरले गेले. पावसाळ्यात तिथे समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात जमिनीवरची. म्हणजे तुलनेची रेघसुद्धा वाऱ्याबरोबर सरकते.

तेव्हा प्रस्तावात सेन्सरच्या आधी बाटल्या लिहा. १ मिलिग्रॅम कार्बनसाठी साधारण ५ लिटर हवा लागते. दुपारी दोन-तीनला भरा, आणि त्याच दिवशी एक बाटली वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला, गावाबाहेर.