टाळूवरील ठिपक्यांची पारख

केस विरळ झालेल्या डोक्यावर सुईने रंगाचे सूक्ष्म ठिपके भरून, नुकत्याच भादरलेल्या केसांच्या खुंटांचा आभास निर्माण करण्याची जी कला अलीकडे रूढ होत आहे, तिची पारख दुकानातील दिव्यांखाली नव्हे, तर भर उन्हात, हातभर अंतरावरून करावी. उत्तम कामात प्रत्येक ठिपका मोहरीहून बारीक आणि शेजाऱ्यापासून अलग दिसतो, आणि कपाळावरची सीमा फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ न राहता विरळ होत त्वचेत विलीन होते. उलट, सुई गरजेपेक्षा खोल गेली, की रंग टीपकागदावरील शाईसारखा फुटतो, आणि खोलवरचा काळा रंग प्रकाशाच्या विकिरणामुळे निळसर भासू लागतो.

अशा बिघाडावर आणखी ठिपके भरून दोष झाकण्याची तजवीज केली, तर बहुधा काळवंडलेली टोपीच पदरी पडते. त्यापेक्षा लेसरने रंग उतरवणे बरे. अँडरसन व पॅरिश या संशोधकांनी १९८३ साली मांडलेल्या तत्त्वानुसार, लेसरचा क्षणार्धाहूनही अल्प झोत मुख्यतः रंगकणांनाच फोडतो, आणि त्यांचा चुरा शरीरातील भक्षक पेशी हळूहळू वाहून नेतात. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबी तुलनेने निर्धोक. मात्र रंगात लोहाची संयुगे असल्यास तो फिका होण्याऐवजी अधिकच काळा पडू शकतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाने आधी लहानशा जागेवर चाचणी घेणे इष्ट. दोन बैठकींत काही आठवड्यांचे अंतर लागते. तात्पर्य, सुई धरणाऱ्या हाताची खातरजमा आधीच करावी, हे उत्तम.