सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होत नाहीये! डिझेल नेमकं अडलंय कुठे?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला अवतार. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं की’ काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय डिझेल गाडी. चावी फिरवली, सेल्फ मस्त फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. अशा वेळी आजूबाजूचे लोक लगेच निकाल देतात. एक म्हणतो पंप गेला, दुसरा म्हणतो नोझल बदला. चारही नोझल बदलायचे म्हटले की बिल सहज पाच आकडी होतं. आणि बिघाड एखाद्या सैल झालेल्या क्लिपमध्ये असला, तर एवढे पैसे घालूनही गाडी जागची हलत नाही. त्यामुळे आजचा मुद्दा एकच: पार्ट बदलण्याआधी डिझेल कुठपर्यंत पोचतंय ते शोधा.

कंटेनरसारखा विचार करा

आपण न्हावा शेवावाले, तेव्हा उदाहरण बंदराचंच घेऊ. समजा एखादा कंटेनर कंपनीत पोचला नाही. तर आपण लगेच नवा ट्रेलर विकत घेतो का? नाही. आधी विचारतो की जहाजावरून उतरला का, यार्डात आहे का, कस्टमचं झालं का, गेटबाहेर पडला का, की करळ फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये उभा आहे. कोडमधला बग शोधतानाही आम्ही हेच करतो. मधोमध तपासायचं. तिथपर्यंत सगळं ठीक असेल तर पुढचा अर्धा भाग बघायचा, नसेल तर मागचा.

डिझेलचा रस्ताही असाच आहे: टाकी, पाइप, फिल्टर, हाय प्रेशर पंप, रेल आणि शेवटी इंजेक्टर, म्हणजे आपला नोझल. फिल्टरपर्यंतचा भाग कमी दाबाचा. पंपापासून पुढचा भाग प्रचंड दाबाचा.

प्रचंड म्हणजे किती? कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. कॉमन रेल इंजिनात दाब १६०० बारपर्यंत जातो, म्हणजे टायरच्या जवळपास सातशे पट. हे तंत्र प्रवासी गाडीत पहिल्यांदा १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ह्या इटालियन गाडीत आलं. आपल्याकडे घराघरात पोचवलं ते १.३ लीटरच्या मल्टीजेट इंजिनानं. २००७ ची डिझेल स्विफ्ट आठवा. हेच इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं आणि फियाट, टाटाच्या गाड्यांत बसायचं. ह्यातल्या बऱ्याच गाड्या आता सेकंडहँड बाजारात फिरतात, त्यामुळे हा प्रश्न तुमच्याही दारात येऊ शकतो.

पायरी १: हात काळे न करता

आधी डॅशबोर्ड बघा. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीनं चावी ओळखलेली नाही. इमोबिलायझर इंजिन चालू होऊ देत नाही. आमच्या भाषेत, परमिशन डिनाइड. डिझेलचा काही दोष नाही, दुसरी चावी लावून बघा.

सेल्फ रडत रडत फिरत असेल तर आधी बॅटरी बघा. इंजिन हळू फिरलं की रेलमध्ये पुरेसा दाब तयारच होत नाही.

काटा टाकीत डिझेल दाखवतो म्हणून डिझेल आहेच असं नाही, काटेही बिघडतात. आणि नुकतंच भरलं असेल तर पावती बघा. चुकून पेट्रोल भरलं गेलं असेल तर चावीसुद्धा ऑन करू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. पेट्रोलवर तो घासून खराब होतो.

आता धूर. एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं सायलेन्सर बघायचा. डिझेलच्या वासाचा पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त पेटत नाहीये. धूर अजिबात नाही, तर बहुधा डिझेल पोचतच नाहीये. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा.

बरेच जण ग्लो प्लगवर संशय घेतात. जुन्या इंडिकासारख्या इंजिनाला तो लागतोच. पण कॉमन रेल गाडी आपल्या किनाऱ्यावरच्या उकाड्यात बहुतेक वेळा त्याच्याशिवायही चालू होते. म्हणून त्याचा नंबर शेवटी.

पायरी २: फिल्टर, म्हणजे आपला यार्ड

तपासणीची मधली जागा हीच. इथे तीन गोष्टी शोधायच्या: पाणी, हवा आणि कचरा.

पाणी कुठून येतं? अर्धी रिकामी टाकी, खाडीकाठची दमट हवा आणि आठवडाभर उभी गाडी. टाकीतल्या हवेतली वाफ थंड होऊन थेंब बनते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. बऱ्याच फिल्टरना खाली ड्रेन स्क्रू असतो. पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. हे डिझेल गटारात किंवा खाडीत ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या.

हवा म्हणजे फिटर म्हणतात ते ‘गाडीनं एअर घेतली’. फिल्टर नुकताच बदललाय, टाकी पूर्ण रिकामी झाली होती किंवा पाइपला चीर आहे, तर हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. म्हणून हवा असली की दाब तयार होत नाही. रबरी हँड प्रायमर असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन करून काही सेकंद थांबा आणि मागच्या सीटखालून घूंऽ असा आवाज येतो का ऐका. असं दोन-तीनदा करा.

फिटर इथे फिल्टरनंतर पारदर्शक नळी लावून बघतो. स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय डिझेल येत असेल तर टाकी ते फिल्टर पास. येत नसेल तर पंप आणि नोझलला हात लावायची अजून गरजच नाही.

पायरी ३: पुढचा अर्धा भाग, फोनवर

ब्लूटूथचा ओबीडी रीडर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावा आणि सेल्फ मारताना दोन आकडे बघा.

पहिला, आरपीएम. इंजिन फिरतंय तरी आकडा शून्य असेल तर क्रँक सेन्सर संशयित. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो डिझेल सोडत नाही.

दुसरा, रेल प्रेशर. बहुतेक गाड्यांना चालू व्हायला साधारण दीडशे ते अडीचशे बार लागतात. आकडा वीस-तीसवरच अडला किंवा पी ००८७ हा कोड आला, तर दाब तयार होत नाहीये. फिल्टरपर्यंत सगळं ठीक असेल तर आता पंप, रेलचा व्हॉल्व्ह किंवा गळका नोझल, ह्यांची पाळी. थंड असताना गाडी चालू होते, पण गरम झाल्यावर होत नाही? मग नोझलवर संशय जास्त, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या नोझलमधून रिटर्न लाइनला जास्त परत जातं. फिटर चारही नोझलच्या रिटर्नला छोट्या बाटल्या लावतो. जी बाटली सगळ्यांत आधी भरते, तो नोझल दोषी. म्हणजे चारऐवजी एकच बदलावा लागेल.

हे मात्र करायचं नाही

इंजिन फिरत असताना रेलचे लोखंडी पाइप सैल करू नका. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. ग्लो प्लगच्या गाडीत हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, भडका उडू शकतो. पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. आणि बंदराच्या रस्त्यावर किंवा अटल सेतूवर गाडी बंद पडली तर आधी हॅझर्ड लाइट लावा, बॅरिअरपलीकडे जाता येत असेल तर तिकडे सुरक्षित जागी उभे राहा आणि मदत मागवा. मागून चाळीस टनांचा ट्रेलर येत असताना बॉनेट उघडून बसायचं नाही.

फिटरला हा मेसेज पाठवा

‘सेल्फ जोरात फिरतो. धूर येतो / येत नाही. फिल्टरमध्ये पाणी आहे / नाही. सेल्फ मारताना आरपीएम इतका, रेल प्रेशर इतकं. शेवटचं डिझेल अमुक दिवशी भरलं.’

एवढं कळलं की त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि ‘बघू, एकेक बदलून बघू’ म्हणायला जागा उरत नाही. हा मेसेज कॉपी करून फोनमध्ये ठेवा. घरात कुणाची डिझेल गाडी असेल तर त्यांनाही पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!