पाण्याबाहेरचा पहिला तास

कोकणात हेदवीला येणारे बहुतेक जण दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन बामणघळ पाहायला जातात. भरतीला कातळातल्या त्या अरुंद फटीत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. आम्ही पोहतो ते तिथून लांब, वाळूच्या अंगाला, समुद्र निवलेला असेल तेव्हा. दादा मला काखेतून धरतो, वहिनी गुडघ्यांखालून, आणि व्हीलचेअरवरून उचलून पाण्यात नेतात. कमरेखाली मला स्पर्श कळत नाही, दुखणंही नाही. पाण्यात मात्र एकाही हाडावर भार येत नाही. दिवसभर बसून असणाऱ्या शरीराला एवढी मोकळीक दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून मी हे सोडणार नाही.

पोहण्याची मला भीती वाटत नाही. जपायचं असतं ते बाहेर आल्यानंतर. पाण्यात भिजून कातडी मऊ पडते आणि ओल्या कातडीला घर्षण जास्त होतं. अशात खुर्चीवर बसताना कंबर जराशी फरफटली, तरी वरची साल निघते. चालत्या माणसाला ते लगेच झोंबतं आणि तो सावरून बसतो. मला ते संध्याकाळी आरशात दिसतं. म्हणून बाहेर काढतानाही उचलायचं, ओढायचं नाही. पायांत जाड रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच, कारण शिंपल्याची धार किंवा खडकाला चिकटलेलं कालव बोट कापून गेलं तरी मला पत्ता लागत नाही. खुर्ची सावलीत ठेवतो. उन्हात तापलेली पायपट्टी ओल्या पावलाला भाजते, आणि तेही मला कळत नाही.

ओल्या कपड्यांत खुर्चीच्या गादीवर बसायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नियम आहे. घर जवळ असलं तरी आधी कोरडा पंचा गुंडाळायचा. मग न्हाणीत विहिरीचं गोडं पाणी. मीठ आणि वाळू जांघेत, नितंबांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत बसून राहतात. तिथे सौम्य साबण लावून भरपूर पाणी ओतायचं. खरखरीत टॉवेलने रगडायचं नाही, जुन्या पंच्याने टिपत जायचं. बेचक्या पूर्ण कोरड्या करायच्या, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत तिथे बुरशी धरते. तेल किंवा मलम टाचांना, पोटऱ्यांना, बेचक्यांत नाही. पावडर तर मी बंदच केली, घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचत राहतात.

यानंतरचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. पडवीत पालथं पडायचं. लांब दांड्याच्या आरशात मी बघते, हात पोचत नाही तिथे वहिनी बघते: माकडहाड, बसण्याची दोन हाडं, खुबे, घोटे, टाचा. आमच्या सावळ्या रंगावर लाली नेहमी दिसतेच असं नाही. म्हणून वहिनी हाताच्या पाठीने चाचपते. आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळपट लागतंय का. डाग दिसला तर बोटाने दाबून सोडते. रंग क्षणभर फिका पडून परत आला तर ठीक. दाबूनही फिका पडला नाही, तर त्या जागेवर बसणं तिथेच थांबवायचं.

भारतीय सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, हे आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. पदकाची गोष्ट सांगायला सोपी असते. पण पाठीच्या कण्याला मार बसलेल्या सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जगवलं ते कूस बदलण्याने. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला १९४४पासून डॉ. लुडविग गुटमन रुग्णांची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायला लावत. त्याआधी अशी माणसं बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने मरत. वहिनीचं चाचपणं मला त्याच कामाचा भाग वाटतं.

खारट झालेली चड्डी आणि गादीचं कव्हर गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढतो. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. न धुतलेलं कव्हर दोरीवर वाळल्यासारखं वाटतं आणि रात्री परत ओलसर लागतं. म्हणून दुसरं कव्हर सोबत असतंच.

डाग राहिला तर त्या दिवशी जेवणही पालथं पडूनच. सकाळी पुन्हा बघायचं. फोड आला, साल निघाली किंवा पाणी सुटलं, तर थेट डॉक्टर, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत समुद्र बंद, मग दादा कितीही आग्रह करो.